पाच व्हायोलिन, तीन चेलो, एक पियानो

बोझार ट्रिओ १९५५ साली सुरू झाला आणि २००८ साली थांबला. या ५३ वर्षांत त्यात पाच व्हायोलिनवादक येऊन गेले आणि तीन चेलोवादक. पियानोवादक मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच होते, मेनाहेम प्रेसलर. पहिले व्हायोलिनवादक डॅनियल गिले यांचा जन्म १८९९चा. शेवटचे डॅनियल होप १९७३चे. म्हणजे एक माझ्या पणजोबांच्या पिढीतला आणि दुसरा माझ्या धाकट्या मामाच्या. या दोघांच्याही बाजूला बसून प्रेसलर तोच हायडन, तोच बीथोव्हेन, तोच शूबर्ट वाजवत होते.

आमच्या क्षेत्रात एखाद्या प्रोजेक्टवर इतकी माणसं बदलली, की शेवटी कुणालाच सांगता येत नाही अमुक गोष्ट अशी का लिहिलीय. मूळ लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही, एवढंच पुढच्याला शिकवलं जातं. बोझार ट्रिओचं तसं झालं नाही. का झालं नाही, हा प्रश्न मला दोनेक वर्षं पुरला आहे.

पण प्रेसलर हे नाव तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर ते बहुधा या ट्रिओमुळे नव्हे, यूट्यूबवरच्या एका व्हिडिओमुळे. ३१ डिसेंबर २०१४, बर्लिन फिलहार्मोनिकची वर्षअखेरची मैफल, समोर सायमन रॅटल. ९१ वर्षांचे प्रेसलर मोझार्टचा ए मेजरमधला कॉन्चेर्टो वाजवतात आणि टाळ्या थांबेनात म्हणून शोपँचं सी शार्प मायनरमधलं नॉक्टर्न वाजवतात. ‘द पियानिस्ट’ सिनेमामुळे सगळ्यांच्या ओळखीचं झालेलं तेच नॉक्टर्न. बुटकेसे, वाकलेले आजोबा आणि हॉलभर शांतता. असा व्हिडिओ बघून ज्याचे डोळे पाणावत नाहीत त्याच्याशी मैत्री करू नये, हे मलाही मान्य आहे. तक्रार वेगळी आहे. या व्हिडिओत आपण वय ऐकतो. निर्वासित मुलगा म्हातारपणी जर्मनीच्या राजधानीत वाजवतोय, ही गोष्ट ऐकतो. या माणसानं आयुष्यभर नक्की काय केलं ते तिथून ऐकू येत नाही, कारण ते त्यांनी एकट्यानं केलेलंच नव्हतं.

ती गोष्ट खरी आहेच. प्रेसलर १९२३ साली जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात जन्मले. घरचं कपड्यांचं दुकान होतं. नोव्हेंबर १९३८मधल्या ‘क्रिस्टालनाख्ट’च्या रात्री ज्यूंची दुकानं फोडली गेली, त्यात तेही होतं. पुढच्या वर्षी आईवडील मुलांना घेऊन इटलीमार्गे पॅलेस्टाइनला पोचले. आजी-आजोबा, काका, मावश्या मागे राहिल्या त्या छळछावण्यांत संपल्या. नव्या देशात या मुलाला अन्न जाईना. बीथोव्हेनची ओपस ११० ही सोनाटा वाजवताना आपण बेशुद्ध पडलो होतो, हे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. ही सोनाटा माहीत असेल तर ही हकिगत जास्तच अंगावर येते. तिच्या शेवटच्या भागात एक विलापगीत दुसऱ्यांदा येतं, तेव्हा बीथोव्हेननं वर लिहून ठेवलंय की हे शक्ती गळून गेल्यासारखं वाजवा. आणि त्यानंतर जी फ्यूग येते तिच्यावर लिहिलंय, हळूहळू पुन्हा जीव येत असल्यासारखं.

तेल अवीवमध्ये त्यांना लिओ केस्टेनबर्ग हे गुरू मिळाले. केस्टेनबर्ग बुसोनीचे शिष्य. हिटलर येण्याआधी प्रशियाच्या सरकारात बसून त्यांनी तिथल्या शाळांमधलं संगीतशिक्षण नव्यानं उभं केलं होतं. नाझींनी त्यांना हाकललं. असा माणूस परक्या गावात पोरांना पियानो शिकवतो तेव्हा त्याच्याकडे फक्त बोटांचं तंत्र नसतं. प्रेसलरांसाठी शिकवणं हा पुढे कधीच जोडधंदा झाला नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१९४६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दबुसी स्पर्धेत पहिला नंबर. पुढच्या वर्षी युजीन ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर शुमानचा कॉन्चेर्टो. वय तेवीस-चोवीस. इथून पुढचा रस्ता आखलेला असतो. मोठमोठे ऑर्केस्ट्रा, पोस्टरवर एकट्याचं नाव, वर्षाला एक रेकॉर्ड. प्रेसलर त्या रस्त्यावर चालतही होते, एमजीएम कंपनीसाठी सोलो रेकॉर्ड करत होते. मग त्यांना वाटलं, मोझार्टचे ट्रिओ रेकॉर्ड करावेत. व्हायोलिनसाठी गिलेंना विचारलं. गिले तोस्कानिनींच्या एनबीसी ऑर्केस्ट्रातले, तोवर पन्नाशी ओलांडलेले. चेलोसाठी गिलेंनी बर्नार्ड ग्रीनहाउस यांना आणलं. ते पाब्लो कासाल्सचे शिष्य. १३ जुलै १९५५ला टँगलवूडच्या महोत्सवात तिघांनी पहिली जाहीर मैफल केली. त्याच वर्षी प्रेसलर ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात शिकवायला लागले. दोन्ही कामं थोड्या दिवसांची म्हणून धरलेली असावीत असं वाटतं. एक ५३ वर्षं चाललं आणि दुसरं जवळजवळ मरेपर्यंत.

आता ट्रिओ म्हणजे काय ते जरा सांगायला हवं, कारण आपल्या कानांना ‘साथ’ माहीत असते आणि ट्रिओ म्हणजे साथ नव्हे. ख्यालगायनात पेटीवाला गवयाच्या अर्धं पाऊल मागे चालतो. गवई जे म्हणाला त्याची सावली धरतो, त्यानं श्वास घेतला की जागा भरतो. ही कला अवघडच, पण पुढे कोण आणि मागे कोण हे मैफलीभर ठरलेलं असतं. पियानो ट्रिओत ते ठरलेलं नसतं. एकाच वाक्यात सुरुवातीला पियानो बोलतो, मधेच चेलो वाक्य उचलतो, शेवटचे दोन शब्द व्हायोलिनचे. ज्या क्षणी तुमचं बोलणं संपतं त्या क्षणी तुम्ही पार्श्वभूमी व्हायचं असतं, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला सांधा दिसू नये.

त्यात ही तीन वाद्यं एका जातीची नाहीत. व्हायोलिन आणि चेलोचा सूर गजानं जन्मतो, हळू उगवतो, वाढवता येतो, मधे फुलवता येतो. पियानोचा सूर हातोडीनं जन्मतो. पट्टी दाबली की आवाजाचा सगळ्यात मोठा क्षण लगेच येऊन गेलेला असतो, त्यानंतर फक्त विरणं. तिघांनी घड्याळाच्या हिशेबानं अगदी एका क्षणी सुरुवात केली, तरी कानाला पियानो आधी आल्यासारखा वाटतो. म्हणजे चांगल्या ट्रिओत पियानोवादकाला केसभर थांबावं लागतं आणि ते थांबणं प्रत्येक सुराला वेगळं असतं. आमच्याकडे दोन सर्व्हरची घड्याळं जुळवायला प्रोटोकॉल असतात. इथे फक्त कान.

आणखी एक अडचण तर अगदीच साधी आहे. व्हायोलिनवाला आपलं व्हायोलिन घेऊन येतो, चेलोवाला चेलोसाठी विमानात वेगळी खुर्ची काढतो. पियानोवाल्याला मात्र त्या त्या गावच्या हॉलमध्ये जो पियानो असेल तोच वाजवावा लागतो. काल म्यूनिकला एक, परवा ओहायोतल्या कुठल्याशा कॉलेजात दुसरा. कुणाची वरची सप्तकं ठणठणीत, कुणाचा खर्ज ढोल. संध्याकाळी तासाभरात त्याच्याशी ओळख करायची आणि रात्री त्यातून तोच आवाज काढायचा जो सोबतच्या दोघांना अपेक्षित आहे. त्यात तो बसतो सगळ्यांच्या मागे. प्रेसलरांचे जुने व्हिडिओ बघा. त्यांची नजर पट्ट्यांवर फारशी नसतेच, ती सतत डावीकडे-उजवीकडे, सहकाऱ्याच्या गजाकडे, खांद्याकडे. चेहऱ्यावर तर सगळा कारभार उघडा. काही समीक्षकांना हा नाटकीपणा वाटत आला आहे. मला तसं वाटत नाही. तो चेहरा आपल्यासाठी नसतोच, तो शेजारच्यासाठी असतो.

हे सगळं कुठे ऐकायचं? हायडनमध्ये. बोझार ट्रिओनं हायडनचे चाळीसहून जास्त ट्रिओ फिलिप्स कंपनीसाठी रेकॉर्ड केले. १९७९ साली ‘ग्रामोफोन’ मासिकानं या संचाला वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड ठरवलं. त्याआधी हे ट्रिओ मैफलीत अभावानंच वाजायचे आणि त्याला कारणही होतं. वरवर बघता ते एकट्या पियानोचेच वाटतात. हायडनच्या काळी ते पियानोच्या सोनाटा म्हणूनच छापले जात, व्हायोलिन-चेलोच्या साथीसह. चेलोला तर बहुतेक जागी स्वतःचं काहीच नाही, पियानोचा डावा हात जे वाजवतो तेच तोही वाजवतो. त्या काळच्या पियानोचा खर्ज बारीक होता, चेलो त्याला अंग द्यायचा. आजच्या स्टाइनवेला या टेकूची काही गरज नाही. उलट, स्टाइनवेनं मनात आणलं तर चेलो असून नसल्यासारखा होतो. कुठला स्वाभिमानी चेलोवादक संध्याकाळभर दुसऱ्याचा डावा हात गिरवत बसेल?

प्रेसलर आणि ग्रीनहाउस यांनी हे कसं सोडवलं ते ई मेजर ट्रिओत ऐका. होबोकेनच्या सूचीत १५:२८. लंडनमध्ये टेरेसा यान्सेन नावाची जबरदस्त पियानोवादक होती, तिला हायडननं तीन ट्रिओ अर्पण केले, त्यांतला हा एक. सुरुवातीलाच व्हायोलिन आणि चेलोवाले गज न लावता बोटांनी तारा छेडतात आणि पियानो त्यांच्यात मिसळतो. तारेचा छेडलेला सूर जसा लगेच विरतो तसाच पियानोचाही विरतो. म्हणजे एवढ्या एका जागी हायडननं तिन्ही वाद्यांना एका जातीत आणून बसवलंय. बहुतेक ट्रिओंमध्ये इथे पियानो पुढे येतो, कारण सुरावट त्याची. प्रेसलर इतकं हलकं वाजवतात, की पहिल्यांदा ऐकताना हे तिघे मिळून एकच कुठलं तरी चौथं वाद्य वाजवताहेत असं वाटतं. नुसतं हळू वाजवलं तर सूर मेल्यासारखा होतो. इथे तो जिवंत आहे, फक्त त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

दुसरा भाग याच्या बरोबर उलटा. ई मायनर, सावकाश चालणारा खर्ज, तिन्ही वाद्यं वेगवेगळ्या सप्तकांत तीच एक ओळ घेऊन निघतात. मग व्हायोलिन आणि चेलो गप्प होतात आणि पियानो एकटा. डावा हात तेच चालणं चालू ठेवतो आणि उजवा हात वर एक लांबलचक, उदास, थोडी विचित्र सुरावट विणत जातो. किती तरी वेळ दुसरं कुणीच येत नाही. सोलो वाजवायची अशी संधी ट्रिओत क्वचित मिळते आणि प्रेसलर ती सोलोसारखी घेत नाहीत. त्यांचा डावा हात ऐका. तो इतक्या समान वजनानं पावलं टाकतो, की नसलेला चेलो तिथे आहे असंच वाटत राहतं. पुढे चेलो खरोखर येतो तेव्हा तो नव्यानं आला असं वाटत नाही, मधल्या काळात तो खोलीतच बसून होता असं वाटतं. मी हा भाग बसमध्ये, ऑफिसात, रात्री झोप येत नसताना, असा किती वेळा ऐकलाय ते मोजलेलं नाही. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. खर्ज गेला की यातलं सगळंच गेलं.

जी मेजरचा ‘जिप्सी’ ट्रिओ सगळ्यांना आवडतो, मलाही. त्याच्या शेवटच्या हंगेरियन ढंगाच्या भागात प्रेसलरांची बोटं काय पळतात ते ऐकून घ्या. हा माणूस मागे राहतो तो बोटांत दम नाही म्हणून नव्हे, हे कळायला तेवढं पुरे.

मग शूबर्ट. ई फ्लॅट ट्रिओचा दुसरा भाग तुम्ही ऐकला असण्याची शक्यता आहे, स्टॅन्ली क्यूब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’मध्ये तो आहे. पियानोवर पावलांसारखे कॉर्ड आणि त्यांवर चेलोचं गाणं. पुढे अदलाबदल होते, पियानो गाणं घेतो आणि पावलं तारांच्या वाद्यांकडे जातात. पियानोवादकाची खरी परीक्षा ते गाणं वाजवण्यात नाही, आधीच्या पावलांमध्ये आहे. सारखंच कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवायचं. यंत्रासारखं वाजवलं तर चेलो बिचारा मिरवणुकीतल्या बँडपुढे गातोय असं होतं. फार भाव ओतला तर चेलोला गायला जागा उरत नाही. प्रेसलरांची पावलं वरकरणी एकसारखी आहेत, पण चेलोची ओळ जिथे वर चढते तिथे पाऊल जरासं उशिरा पडतं. चेलोनं थांबायच्या आधीच पियानोला कळलेलं असतं की तो थांबणार आहे. एकाच माणसाबरोबर तीस-बत्तीस वर्षं वाजवल्याशिवाय हे येत असेल असं वाटत नाही. ग्रीनहाउस १९८७पर्यंत होते.

पण मग माणूस बदलल्यावर काय? गिले १९६८ला गेले, इसिडोर कोहेन आले. ते ज्युलियार्ड क्वार्टेटमधून आलेले. गिलेंच्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनचा सूर जुन्या वळणाचा, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा, थोडा गोड. कोहेन कोरडे, नेमके. आणि ऐकताना लक्षात येतं, की पियानोही बदललाय. पेडल कमी झालंय, वाक्यांच्या कडा स्पष्ट झाल्यात. ९०च्या दशकात पीटर वायली आणि आयडा काव्हाफियान, मग अंतोनियो मेनेसेस आणि युंग उक किम, शेवटी २००२पासून होप. दर वेळी नव्या माणसाला जुन्या साच्यात बसवलं असतं, तर हा ट्रिओ स्वतःची नक्कल करत केव्हाच संपला असता. आणि दर वेळी पियानोवादक पूर्ण बदलला असता, तर नावाशिवाय काही उरलं नसतं. प्रेसलर किती बदलले आणि कुठे हटून बसले हे ऐकायचं असेल, तर एकच रचना तीन काळांतली लावून बघा. माझ्या कानांना असं वाटतं, की लय आणि रंग त्यांनी प्रत्येक सहकाऱ्याबरोबर नव्यानं ठरवला. वाक्य कुठे संपतं आणि श्वास कुठे घ्यायचा, यावर मात्र ते कधी हटले नाहीत.

सगळंच ग्रेट आहे असंही नाही. बोझार ट्रिओचा बीथोव्हेन मला अनेकदा जास्तच सभ्य वाटतो. ‘घोस्ट’ ट्रिओचा मधला भाग अक्षरशः थरकाप उडवणारा आहे. पियानोच्या खर्जात सूर थरथरत असतात आणि वर तुकड्या-तुकड्यांनी कुणी तरी बोलतं. तिथे मला कुणी तरी थोडं बेभान व्हायला हवं असतं, आवाज फाटला तरी चालेल. प्रेसलर आवाज फाटू देत नाहीत. शोस्ताकोविचच्या दुसऱ्या ट्रिओचंही तसंच. १९४४मध्ये लिहिलेलं, शेवटच्या भागात ज्यू नाचाची धून नाचवत नाचवत ओरबाडणारं ते संगीत. ज्याचं घर त्याच आगीत गेलं तो माणूस ते वाजवतोय हे माहीत असूनही, किंवा कदाचित माहीत असल्यामुळेच, मला त्यांचं वाजवणं आवरलेलं वाटतं. सतत शेजारच्याला जागा देण्याची ही दुसरी बाजू असणार. दर वाक्यात दुसऱ्यासाठी दार धरून उभा राहणारा माणूस एकदम टेबल उलथवत नाही.

आता ब्लूमिंग्टन. ट्रिओचे दौरे बारमाही, आणि मधल्या प्रत्येक फटीत हा माणूस इंडियानातल्या त्या छोट्या विद्यापीठनगरीत परत येऊन शिकवत होता. त्यांचे विद्यार्थी विल्यम ब्राउन यांनी त्यांच्या शिकवण्यावर एक पुस्तक लिहिलंय. त्यात प्रेसलरांच्या गुरुपरंपरेबद्दल आहे, हात आणि मनगट सैल ठेवण्याच्या व्यायामांबद्दल आहे, पण मोठा भाग आहे तो एकेका रचनेवर, ओळीओळीवर दिलेल्या सूचनांचा. मला वाचताना हसू आलं, कारण हा तर सरळसरळ कोड रिव्ह्यू. या ओळीत हे आधी ऐकू येऊ दे. इथे खर्जाचा सूर पुढच्याकडे नेऊन सोड. या कॉर्डमध्ये मधलं बोट जड झालंय. मास्टरक्लासचे व्हिडिओ बघितले तर त्यांत भाषण जवळजवळ नाहीच. विद्यार्थी चार ओळी वाजवतो, तोवर आजोबा उठलेले असतात, जाडसर आवाजात गाऊन दाखवताहेत, हातवारे करताहेत, पुन्हा, पुन्हा. इतक्या बारीक सूचनांमधून स्वतंत्र कलाकार कसा घडणार, ही शंका मला आली आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही. पण एक गोष्ट दिसते. त्यांच्या सूचना क्वचितच ‘असा भाव आण’ अशा असतात. त्या जवळपास सगळ्या ‘हे ऐक’ अशा असतात. तुझ्याच डाव्या हातात चेलो आहे, तो तुला ऐकू येतोय का?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये माझ्यासारख्यांना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, यंदाचं तुमचं वैयक्तिक योगदान. सहा जणांनी मिळून जे केलं त्यातला आपला सहावा हिस्सा कापून तिथे ठेवायचा. जे कापता येत नाही ते, म्हणजे रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या चुकीचा माग काढायला बसणं, नव्या पोराला तीन आठवडे शिकवणं, कुणी बरं लिहिलंय तर आपलं मागे घेणं, हे त्या रकान्यात मावत नाही. मग जो कापून दाखवू शकतो तो पुढे जातो. संगीताच्या समीक्षेतही हा रकाना आहे आणि तो आपण बिनबोभाट भरतो. मोठे पियानोवादक म्हणजे कोण, अशा याद्या काढा. एकट्यानं वाजवणाऱ्यांचीच नावं मिळतील. चेंबर म्युझिकच्या जगात प्रेसलर दैवत होते, पण बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ते पहिल्यांदा वाजले ते जानेवारी २०१४मध्ये, नव्वदीत. ट्रिओ २००८ला विसर्जित झाल्यावर, ते एकटे उरल्यावर. याचा आनंद मानायचा की राग, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्या शेवटच्या पंधरा वर्षांत त्यांनी किती काम केलं ते बघून दमायला होतं. नव्वदीच्या आसपास ओपस ११० आणि शूबर्टची शेवटची सोनाटा रेकॉर्ड केली. पॅरिसच्या एबेन क्वार्टेटबरोबर, म्हणजे नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर, नव्वदावा वाढदिवस स्टेजवर साजरा केला. २०१५च्या सुरुवातीला, त्या बर्लिनच्या मैफलीनंतर काहीच आठवड्यांनी, हृदयाजवळच्या महाधमनीचं मोठं ऑपरेशन झालं. त्यातून उठून पुन्हा वाजवायला लागले. २०१८मध्ये दबुसी, फोरे आणि रावेलच्या रचनांची ‘क्लेअर द ल्यून’ ही रेकॉर्ड आली, दबुसी स्पर्धा जिंकल्यानंतर सत्तरेक वर्षांनी. माग्डेबुर्गनं त्यांना मानद नागरिक केलं. ६ मे २०२३ला लंडनमध्ये, ९९व्या वर्षी ते गेले.

या उशिराच्या सोलो रेकॉर्डिंगबद्दल लिहिताना लोक ‘या वयात’ हे शब्द वापरल्याशिवाय राहत नाहीत. माझं मत जरा कडू आहे. दबुसीच्या रेकॉर्डमध्ये काही जागा इतक्या सावकाश आहेत, की वाक्य तुटतं. शूबर्टच्या सोनाटामध्ये जिथे वेग हवा तिथे बोटं अडखळतात आणि ते ऐकू येतं. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी हे लपवू नये, ट्रिओतल्या प्रेसलरांनी असं वाक्य तुटू दिलं नसतं. पण ओपस ११०मधलं ते दुसरं विलापगीत ऐका. शक्ती गळाल्यासारखं वाजवायचं, असं लिहिलेलं. बहुतेक पियानोवादक तिथे थकव्याचा अभिनय करतात. प्रेसलर उसासे टाकत नाहीत, नीट, स्पष्ट, जवळजवळ रुक्षपणे वाजवतात आणि डाव्या हाताचे कॉर्ड उजव्यासाठी थांबत थांबत येतात, शूबर्टमध्ये चेलोसाठी यायचे तसेच.

म्हणून त्या प्रसिद्ध व्हिडिओकडे परत जाणार असाल तर या वेळी चेहरा बघू नका, फोन उलटा ठेवा. नॉक्टर्नच्या शेवटी उजव्या हाताला एकामागून एक सरी आहेत. पहिली १८ सुरांची, मग ३५ सुरांची, मग ११ आणि १३. खाली डावा हात सुट्या सुरांत तेच साधं कॉर्ड वाजवत असतो. ३५ सूर त्या मोजक्या सुरांवर कसे बसवायचे याचं गणित शोपँनं दिलेलं नाही. अनेक जण डावा हात घड्याळासारखा चालवून त्यावर उजवा हात पळवतात. प्रेसलरांचा डावा हात उजव्याकडे बघत असतो. सर वर जाऊन परतेपर्यंत तो पुढचं पाऊल टाकत नाही, आणि टाकतो तेव्हा इतक्या हळू, की ते पडल्याचं नंतर कळतं.